समोरचे बूटवाले

३ जून

समोर पाटी लागली. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर हाताने लिहिलंय — दुकान बंद करत आहोत, उरलेला माल निम्म्या भावात.

मला आधी बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, इथे कोण वाचतंय! बावीस वर्षं ज्या माणसाशी एक शब्द बोलले नाही, त्याचं दुकान बसलं तर बरं वाटणारच. काचेपाशी जाऊन पाटी पुन्हा वाचली. मग खुर्चीत येऊन बसले ती बसूनच राहिले. डबा उघडायचाच राहिला.

शाळा उघडायचे दिवस. एरवी या आठवड्यात आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसायची. हे टेप गळ्यात घालून पोरांची मापं घ्यायचे, मी वहीत उतरवायची — छाती, कंबर, उंची. आमच्याकडचा युनिफॉर्म काखेत मारून लोक थेट समोर, बुटांना. नाहीतर तिकडून इकडे. गल्लीच्या टोकाची शाळा दोन वर्षांपूर्वी बंद झाली. पोरंच उरली नाहीत. जी होती ती लांबच्या शाळेत घातली. तिथले कपडे म्हणे तयार येतात, पिशवीत घडी घालून.

ही मापांचीच वही. मागची पानं कोरी राहिलीत.

४ जून

भांडण कशावरून झालं ते एकदा लिहून ठेवते. मोज्यांवरून.

सुरुवातीपासून ठरलेलं होतं — कापड आमचं, चामडं त्यांचं. मोजे कापडात मोडतात हे शेंबडं पोरही सांगेल. तर एक दिवस बूटवाल्यांनी काचेत मोजे लावले. सहा रंगांचे! हे विचारायला गेले. बूटवाले म्हणाले, पायाचं ते माझं, मोजे काय डोक्यात घालतात? शब्दाला शब्द वाढला. भर गल्लीत, गिऱ्हाइकांदेखत बूटवाले यांना म्हणाले, कापड फाडण्यापलीकडे तुम्हाला येतं काय?

हे घरी आले तेव्हा कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. ताटावर बसले आणि तसेच उठले. ते बघून माझं डोकं फिरलं. मी सांगून टाकलं, आजपासून त्या माणसाचं नाव या घरात काढायचं नाही. नाव म्हणून मी काढलंच नाही. "मोजेचोर" म्हणायची. लेक तेव्हा पाच वर्षांची, तीही तेच शिकली. आम्ही दोघी हसायचो. हे हसायचे नाहीत. मला वाटायचं, जखम फार खोल आहे.

६ जून

लॅबमधली रक्त घेणारी मुलगी आली होती. पांढरा कोट लांब होतोय, बाह्या आखडून द्या म्हणाली. तिला उभं करून टेप लावली. किती दिवसांनी कुणाचं माप घेतलं! मला म्हणाली, "आजी, तुमचा हात गार आहे." या दुकानात मला आजवर सगळ्यांनी काकूच म्हटलं होतं. आज आजी झाले.

तिच्या लॅबच्या जागी गोळ्याबिस्किटांचं दुकान होतं. शाळा सुटली की तिथे मुंग्यांसारखी पोरं. आता सकाळी उपाशीपोटी म्हातारे रांग लावतात, हातात छोट्या बाटल्या घेऊन. खेळण्यांच्या दुकानात कानाची यंत्रं आली. वह्यापुस्तकांच्या दुकानात गुडघ्यांचे व्यायाम घेतात. लहान सायकलींचं दुकान होतं तिथे चाकाच्या खुर्च्या आणि चालायला आधाराच्या चौकटी. विकणारा तोच आहे, सायकलवाल्याचा भाऊ. त्याला म्हटलं, धंदा बदललास की रे. तो म्हणाला, कुठे बदलला, चाकंच विकतोय.

हसले मी. घरी आल्यावर हसू आलं नाही.

कुणी येऊन आम्हाला हुसकावलं असतं तर चार शिव्या तरी घातल्या असत्या. इथे तसं कुणी नाही. आम्ही म्हातारे झालो, गल्ली आमच्याबरोबर म्हातारी झाली. पोरं शिकली, उडून गेली. माझीही गेलीच की. दुकानांचा काय दोष? ती गिऱ्हाईक बघतात.

८ जून

कुणी आलं नाही. समोरही नाही.

९ जून

लेकीचा फोन. लॅबवाल्यांना जागा वाढवायची आहे, त्यांनी तिला परस्पर विचारलंय. मला विचारायची हिंमत झाली नसेल. म्हणाली, आई, दुकान देऊन टाक, इकडे ये. मी नाही म्हटलं. मग जरा चिडूनच म्हणाली, "तू उघडतेस तरी कोणासाठी?"

मी म्हटलं, धूळ बसू नये म्हणून.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, समोरचं शटर वर जायचा आवाज आला की मी आमचं वर करते. त्यांच्याआधी नाही, त्यांच्यानंतर फार नाही. तीन वर्षं, हे गेल्यापासून, माझं घड्याळ तेच आहे. ते बंद झाले की मी कशावर उघडणार?

१० जून

व्यायामवाला डॉक्टर येऊन गेला. पोरगेलासा आहे, नम्र आहे. पेशंटना घालायला सैल झगे हवेत, पाठीला उघडे, नाड्यांचे. वीस शिवाल का? मी सांगितलं, आम्ही शाळेचे कपडे शिवतो. त्याने एकदा रिकाम्या दुकानाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि "बरं काकू" म्हणून गेला. काकू म्हणाला. तेवढ्यासाठी तरी शिवायला हवे होते.

१२ जून

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

एक बाई नातवाला घेऊन आली. नातू सुट्टीपुरता आलाय, त्याची शाळा दुसऱ्या गावी, पण तिकडे चड्ड्या कमरेला बसत नाहीत म्हणून दोन शिवून हव्या होत्या. पोराला स्टुलावर उभं केलं. गुदगुल्या होतात म्हणून वळवळत होतं. मला टेप वाचता येईना, डोळे भरलेले. बाईला वाटलं, म्हातारीला दिसत नाही.

जाताना तिने विचारलं, बूट कुठे मिळतील? बावीस वर्षं या प्रश्नाला मी एकच उत्तर दिलंय — पुढे मोठ्या रस्त्याला. समोर दुकान दिसत असलं तरी. आज तोंडातून निघून गेलं, समोर जा.

बाई म्हणाली, "अहो, आधी तिथेच गेले होते. त्यांनीच तुमच्याकडे पाठवलं. म्हणाले, कपडे समोरूनच घ्या, असा हात कुणाचा नाही. बूट मागाहून दाखवतो म्हणाले."

आज पहिल्यांदाच म्हणाले का, ते मला विचारायचं होतं. पण बाईनेच पुढे सांगितलं — तिच्या लेकाच्या वेळीही त्यांनीच पाठवलं होतं. म्हणजे भांडणाला दोन-चार वर्षं झाली असतील तेव्हा.

मी किती जणांना मोठ्या रस्त्याला पाठवलं असेल? मोजू गेले तर वेड लागेल.

१३ जून

हे गेले तेव्हा बूटवाल्यांचं दुकान चार दिवस बंद होतं. मी लेकीला म्हटलं होतं, शटर बिघडलं असेल.

स्मशानातही आले होते. लांब, भिंतीला टेकून उभे होते. सगळ्यांच्या शेवटी गेले. मी मनात म्हटलं, बघायला आलाय.

माझंच मन! कशाला आणि कुणाला सांगू!

१५ जून

बोलायचं ठरवून निघाले. पायरी उतरून अर्ध्या गल्लीपर्यंत गेले. मध्ये लॅबची गाडी येऊन उभी राहिली, डबे उतरवायला लागले. ती हलेपर्यंत थांबायला काय झालं होतं? परत फिरले. निमित्त बरं सापडलं.

१७ जून

गेले.

आत पाऊल टाकलं तर चामड्याचा वास, तोच. फळ्या निम्म्या रिकाम्या. बूटवाले स्टुलावर बसून खोक्यांवर नंबर लिहीत होते. केस सगळे पांढरे. रोज काचेतून बघते, पण जवळून माणूस वेगळाच दिसतो. मला बघून उठले आणि आधी स्टूल पुसून माझ्यापुढे सरकवलं.

आत चाकाच्या खुर्चीत त्यांची बायको. मला पत्ताच नव्हता! दिवाळं वाजलं की कळतं, आजार कळत नाही समोरासमोर राहून. मागच्या वर्षी झटका आला, उजवी बाजू गेली. बोलणं आत्ता आत्ता परत येतंय, एकेक शब्द. खुर्ची सायकलवाल्याच्या भावाकडूनच घेतली म्हणाले. आता मुलाकडे चाललेत. त्याचं घर तळमजल्यावर आहे, जिना नाही. या जागेत म्हणे ऑफिस येणार, घरोघरी म्हाताऱ्यांना सांभाळायला माणसं पुरवणारं. बूटवाले म्हणाले, आम्हालाच पहिलं गिऱ्हाईक म्हणून राहायला सांगत होते.

मग मीच म्हटलं, "बावीस वर्षं झाली."

"मोज्यांवरून," ते म्हणाले.

"मी तुमची गिऱ्हाइकं पळवली. मोठ्या रस्त्याला पाठवायची."

"ठाऊक आहे, वहिनी. तिथून माझ्याकडेच यायची परत. तिथला बूट चावतो."

मला हसू आलं आणि मग हसू राहिलं नाही. त्यांनी मान वळवली, खोक्यावर उगाच काहीतरी लिहीत राहिले. त्यांच्या बायकोने डावा हात पुढे केला. मी तो धरून बसले. निघताना दोघांनी एकच सांगितलं, जायच्या दिवशी या.

१८ जून

व्यायामवाल्या डॉक्टरला निरोप धाडला, शिवते म्हणून. तो लगेच कापड देऊन गेला. पहिला झगा बेतला. कापून झाल्यावर बघते तर खाली चार बोटं दुमड जास्त ठेवलेली. सवय! पोराचा कपडा नेहमी वाढत्या अंगाचा बेतायचा, पुढच्या वर्षी उसवून लांब करता येतो. हे तर ओरडायचेच, चार बोटं सोड, चार बोटं सोड.

ज्यांच्यासाठी शिवतेय ती माणसं आता वाढायची नाहीत.

दुमड तशीच ठेवली. कापायला हात होईना.

२० जून

लेकीला फोन केला. म्हटलं, लॅबवाल्यांना अर्धी जागा दे. पुढची नाही, मागची. मशीन पुढेच राहील. तिला वाटलं होतं सगळं देईन. म्हणाली, बरं. मग तिला सांगितलं, मोजेचोर चालले. ती म्हणाली, कोण? तिला आठवेना! मी शिकवलेलं तिने कधीच टाकून दिलं, आणि मी जपून ठेवलं.

२१ जून

टेम्पो उद्या सकाळी येणार. त्यांच्यासाठी काय न्यावं? विकतचं काही नको. त्यांच्या बायकोला डाव्या हाताने घालता येईल असा सैल झगा शिवला, बांधायच्या नाड्या पुढून. फिकट निळा. चांगला झालाय. यांनी बघितला असता तर एक टाका तरी उसवायला लावला असता.

२२ जून

गेले ते. टेम्पो वळेपर्यंत उभी होते.

झगा मांडीवर ठेवला तर बूटवाल्यांची बायको माझा हात सोडेना. एकेक शब्द जुळवत म्हणाली, "ते… यायचे. रोज. सकाळी." मला वाटलं, भ्रम झालाय. कोण यायचे, विचारलं. म्हणाली, "तुमचे."

मग बूटवाल्यांनीच सांगितलं. भांडणाला दोन महिने झाले तेव्हा हे मागच्या दाराने गेले होते, समेट करायला. तेव्हापासून रोज पहाटे, फिरायला म्हणून बाहेर पडले की तिथे. चहा, गप्पा, मग घरी. हे जायच्या आदल्या आठवड्यापर्यंत. मला का नाही सांगितलं? बूटवाले खाली बघून म्हणाले, "शपथ घातली होती त्यांनी. म्हणायचे, ती माझ्या बाजूने भांडतेय, तिला एकटीला पाडू कसा?"

एकोणीस वर्षं. हे फिरून आले की मी विचारायची, चहा टाकू? आणि हे कधी नाही म्हणाले नाहीत.