गरम इंजनले हात

बाबा, आज सकाळी शेजारच्या मास्तरची बुलेट सुरू होत नव्हती. त्यानं दहा-बारा किका मारल्या अन् मी खिडकीत नुसती आयकत बसली. किक भसकन खाली जाये, तिच्यात दाबच नाई. काय झालं असन ते मले वरूनच समजलं, तरी खाली गेली नाई. तुमाले जाऊन सहा वर्सं झाले, पन कोनाची बुलेट अशी रुसली का मी अजून उजव्या हाताचं मधलं बोट मुठीत लपवते.

आर्वी नाक्यावरचं आपलं टिनाचं दुकान. टॅपेट, म्हंजे व्हॉल्वच्या सळ्यायची जागा, सेट कराची गाडी तुमी आदल्या दिवशीच ठेवून घ्याचे. गिऱ्हाईक कुरकुर करे, "मिस्त्री, पंधरा मिन्टाचं काम, अन् रातभर गाडी काऊन पाह्यजे?" तुमी हासून म्हनाचे, "गरम इंजन खोटं बोलते, साहेब. त्याले झोपू द्या, सकाळी खरं सांगन." सकाळी आधी सिलिंडरवर तळहात ठेवून पाहाचे. मंग बाजूचं ते तळहाताएवढं झाकन खोलाचे. आत दोन सळ्या, खाली त्यायचे नट, अन् पाना फिरवाले जागाच नाई. त्याच्यासाठी तुमी एक पाना सहानेवर घासून घासून पापडासारखा पातळ केलता. तुमचं बोट आत अर्धंच जाये, माहं पुरं जाये. "पाह्य पोरी, सळई बोटानं फिरली पाह्यजे, वरखाली हालली नाई पाह्यजे. सायलेन्सरकडच्या सळीले केसभर जागा ठेवजो. तापल्यावर टिकटिक करन, करू दे. टिकटिक करते तवरक जिती हाय."

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्साले होती तवाची गोष्ट. समुद्रपूरचा तो ढोराचा डॉक्टर, त्याची बुलेट तुमी सकाळी थंड्या इंजनवर सेट करून देल्ली. तो सेवाग्रामपर्यंत जाऊन चार वाजता वापस आला अन् बोलला, "टिकटिक करून राह्यली अजून. मिस्त्रीले सांगजो, बंद करा म्हना. मी बजारातून येतो." तुमी मयतीले गेलते. आई मामाकडे रोहन्याले होती. दुकानात मी एकटीच. टिकटिक कराचीच हाय, हे मले ठाऊक होतं. इंजन गरम हाय, हेही ठाऊक होतं. पन मले वाटलं, एकदा तरी माह्या हातची गाडी अशी चालावी का आवाजच नाई आला पाह्यजे. पातळ पाना घेतला, झाकन खोललं, दोनी सळ्या आवळल्या. सळई फिरवून पाहाले बोट आत घातलं त सिलिंडरले चिकटलं. चामडी निघाली. गाडी सुरू केली, अन् काय सांगू बाबा, शिलाई मशीनसारखी गुपचूप चालली.

डॉक्टर आला, खुश झाला. "मिस्त्रीनं केलं ना?" मी म्हनली, "हो, बाबाच येऊन करून गेले." पोरीनं हात लावला हे समजलं असतं त त्यानं गाडी जागेवरच पुन्यांदा खोलाले लावली असती.

तिसऱ्या दिवशी तो यष्टीनं आला. मी चहाचे गिलास घेऊन उभी होती.

"सकाळी सहाले बलावनं आलं. गायीचं वासरू अडलं होतं. अर्धा तास किका मारल्या, मिस्त्री! मंग सायकल मागून गेलो. गाय बी गेली, वासरू बी गेलं. आमच्या इथल्या मिस्त्रीनं खोललं त सळ्या आवळलेल्या. थंडी झाल्यावर जागाच नाई उरली, व्हॉल्व मिटतच नव्हता."

तुमी हातातलं फडकं घडी करत राह्यले.

"हात म्हातारा झाला तुमचा. पोराले द्या दुकान. पोरगा नसन त कुलूप लावा."

"चुकला असन हात, साहेब," तुमी म्हनले.

त्या दिवशी चार वाजता गाडी पुन्यांदा खोलली होती हे डॉक्टर बोललाच नाई. मीही नाई बोलली. चहा थंडा झाला, तो तसाच उठून गेला.

त्याच्यानंतर तुमी सळई तीन-तीन येळा फिरवून पाहाचे. बोट उजेडात धरून पाहाचे. मंग मले आवाज देचे, "ये वं, तू पाह्य बरं, फिरते का? माह्या बोटाचा आता भरोसा नाई." मी बोट घालाची अन् म्हनाची, "बरोबर हाय, बाबा." बरोबरच राहे. दर येळेस बरोबर राहे. वर्सभरात तुमी बुलेट घेनं बंद केलं. राजदूतच घेत राह्यले, तिच्यात टॅपेटच नसते.

मी आता गोष्टी लिहते. हे चार येळा लिहून पाह्यलं. एकदा डॉक्टरच्या तोंडून, एकदा गाडीच्या, एकदा उलटं, शेवटापासून सुरवातीकडे. चाऱ्हीत मी सुटून गेली. म्हनून आता सरळ तुमालेच लिहून राह्यली, अन् हेही मी कुठं छापाले देनार नाई, पातळ पान्याच्या डब्यात ठेवनार.

मी मनाले सांगत आली का तुमाले सगळं समजलं होतं, पोरीसाठी तुमी अंगावर घेतलं. तसं असन त तुमी गेले तवा तुमाले ठाऊक होतं, आपला हात चांगला हाय. पन मंग राजदूत काऊन? मंग मले बलावून बलावून काऊन इचारत होते?

त्या दिवशी मयतीवरून आल्यावर तुमी माहं बोट धरून पाह्यलं होतं. "काय झालं?" मी म्हनली, "भाकर टाकताना तवा लागला." तुमी खोबरेल लावलं. जेवाले बसलो त ताटात खिचडी होती. भाकर केलीच नव्हती त्या दिवशी, तवा खुटीवरून खालीच नव्हता आला. तुमी खिचडी दोनदा मागून घेतली. खुटीकडे पाह्यलं का नाई, मले ठाऊक नाई. कारन तुमी हात धुवाले उठले तवा मी तो कोरडा तवा खाली काढला, त्याले राख लावली अन् उष्ट्या भांड्यायसोबत घासून ठेवला.