भरल्या गाडीची वाट

पालम,
दि. १० फेब्रुवारी २०२५

ती. लिंबाजीदादास,
झुंबरचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी मोठ्यानं बोलले की भांडतेय असं अख्ख्या गल्लीला वाटतं. म्हणून पत्र.

गुडघे सोडले तर इकडं सगळं खुशाल. पिंगळीच्या माझ्या दोन एकरांतली ज्वारी कापणीला आलीय. पण तुझ्या पोरानं, शिवप्रसादनं, वाटेच्या दोन्ही बाजूंनी तार ठोकलीय. ना मळणीयंत्र आत जात, ना ट्रॉली. आभाळ भरून आलं की मी अंगणात येऊन वर बघत बसते. वर्षाची भाकर आहे रे ती.

सहा वर्षांपूर्वी आपण वाटणीचा दावा तडजोडीनं मिटवला. हुकूमनाम्यात 'शेतमालाने भरलेली बैलगाडी जाईल एवढी वाट' असं आहे. शिवप्रसाद म्हणतो, बैलगाडी म्हणजे बैलगाडी, आणि चाकांचं अंतर मोजून मोकळा झाला. तो हुकूमनामा अमलात आणायला मी कोर्टात दरखास्त दिलीय, हे तुला ठाऊकच आहे.

वकील संघप्रियाताई म्हणाल्या, तडजोडीचा हुकूमनामा म्हणजे तुम्हा दोघांचा करारच, वर कोर्टाचा शिक्का. कोर्ट त्यात पदरचं काही घालत नाही. सगळा कागद एकत्र वाचतं, आणि वाट ठेवली तेव्हा परिस्थिती काय होती, ती कशासाठी ठेवली, ते बघतं. त्या दिवशी सही करताना तुझ्या डोळ्यांपुढं कोणती गाडी होती, तेवढं खरं सांग. राग असला तरी लोभ असू दे.

तुझी,
झुंबर


पिंगळी,
दि. १७ फेब्रुवारी २०२५

चि. झुंबरेस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मला बहिरा म्हणालीस, पण दिसतं अजून चांगलं. तुझं अक्षर मात्र होतं तसंच आहे, कोंबडी चालून गेल्यासारखं.

भावावर दावा तू लावलास, त्याचा राग आहे. तो राहू दे. पण पोराचं म्हणणं मला पटेना. त्यानं माप घेतलं ते रिकाम्या गाडीचं. आपण सही केली तेव्हा दोघांच्या डोळ्यांपुढं आपल्या आबांचीच गाडी होती, कडब्यानं भरलेली. आठवतं ना? कडबा दोन्ही अंगांनी एवढा बाहेर यायचा की वाटेतल्या बाभळीला पेंढ्या लटकायच्या, आणि तू वर बसून त्या मोजायचीस.

शिवप्रसादला सांगितलं तर म्हणतो, अण्णा, कागदात कडबा लिहिलेला न्हाई, तुमी मधी पडू नका. मी म्हणालो, भरलेली लिहिलंय ना, मग ती वाऱ्यानं भरायची का? तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. कोर्टात द्यायच्या जबाबावर माझी सही मागतोय, ती मी केली नाही.

वाट मोजायला कोर्टाचा माणूस येणार म्हणतात, तो कधी येतो ते कळव. आबांची गाडी कडब्यानं भरून आणायला शेजारच्या गोपाळची बैलजोडी सांगून ठेवतो. राग आहे, लोभही आहे.

तुझा,
लिंबाजी


पालम,
दि. १४ मार्च २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हुकूम झाला. जी गाडी दोघांना ठाऊक होती, ती भरल्यावर जेवढी रुंद, तेवढी वाट मोकळी करा. वाट माल काढायला आहे. तेवढ्या रुंदीत ट्रॉली बसत असेल तर ओढणारा बैल की इंजिन, यानं काही बिघडत नाही. संघप्रियाताई हसत म्हणाल्या, कोर्टानं एक शब्दही वाढवला नाही, फक्त गाडी भरून पाहिली.

पण मला तो मोजणीचा दिवसच आठवतो. तू कडब्याच्या गाडीवर बसून आलास, दोन्ही तारांत पेंढ्या अडकल्या आणि गाडी थांबली. मला वाटलं, आता मागं फिरशील. तू खाली उतरलास, पायी बांध ओलांडून माझ्या वावरात आलास आणि म्हणालास, झुंबरे, लय तहान लागलीय.

दावा लागल्यापासून तू माझ्या हातचं पाणी घेतलं नव्हतंस. कोर्टाचा माणूस टेप धरून वाट मोजत होता आणि मी तांब्या धरून रडत होते. त्याला वाटलं असेल, बाई हरली.

शिवप्रसादवर रागावू नको. तार त्यानंच काढली, माझ्याकडं न बघता. उद्या मळणी होऊन ट्रॉली भरेल. पहिलं पोतं तुमच्या दारात उतरवीन. आता नुसता लोभ असू दे.

तुझी,
झुंबर