आई जीपमध्ये झोपली तेव्हा

प्रिय निहू,

फोनवर मी ‘सगळं ठीक’ एवढंच म्हणतो, कारण आई शेजारी कान टवकारून बसलेली असते. आत्ता समोरची पल्लवी तिच्याजवळ बसली आहे, म्हणून गच्चीवर येऊन हे लिहितोय.

तू अजून तिच्यावर रागावलेली आहेस. माझ्याशी बोलतेस, तिच्या हातात फोन जायच्या आत ठेवून देतेस. तुझंही चुकत नाही. आईबाप आपल्या नानाखेड्याच्या घरून पहिल्यांदाच आफ्रिकेत, चोबे नदीवर आलेले. तू तिथली गाईड, पहाटे स्वतः जीप चालवत सिंह दाखवायला नेलंस, आणि ही घरून नेलेली भेरूगढची छापील चादर पांघरून ढाराढूर. सिंहीण पिल्लांना घेऊन रस्ता ओलांडून गेली, बाकीचे पाहुणे श्वास रोखून बघत होते आणि आमच्या विनोदिनीबाई चक्क घोरत होत्या. तुला माझ्या कामाची किंमतच नाही, असं तू तिला म्हणालीस. ती नुसती हसली. मलाही तोंड उघडू दिलं नाही.

संध्याकाळी बोटीत तिला बघितलंस का? मी मगरींच्या धाकाने मधली जागा धरून, आणि ती कठड्याला टेकून. हत्ती सोंडा वर काढून पोहत पलीकडे निघाले, तर ती त्यांच्याकडे कमी आणि बोट चालवणाऱ्या तुझ्याकडे जास्त बघत होती. तू हात वर केलास की गोरे पाहुणे गप्प होतात, याचं तिला केवढं कौतुक. इथे दूधवाल्यालासुद्धा सांगून झालंय. तुला सांगायचं राहिलं, कारण तोवर तू तोंड फिरवलं होतंस.

निहू, ती झोप गोळ्यांची होती. तिला कॅन्सर आहे. इंदूरच्या डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली होती, तरी पोरीची नदी बघायचीच म्हणून हट्टाने आली. इलाज तेव्हाही उरला नव्हता. आता फक्त दुखणं कमी करतात. तुझा सीझन संपेपर्यंत कळवायचं नाही, अशी तिने मला राम घाटावर शपथ घातली होती. ती आज मोडतोय. माझ्या एकट्याने हे होत नाही, पोरी. मिळेल त्या विमानाने ये. राग गेला नसेल, तर रागावलेलीच ये. समजूत काढायला ती अजून आहे.

तुझाच,
बाबा