दोन संघांमधला पडदा

आण्णा, परवा हैदराबादला आमच्या स्पर्धेची अंतिम फेरी झाली. बंदिस्त स्टेडियमच्या मधोमध काचेच्या दोन खोल्या, एकेका खोलीत पाच खेळाडू, समोर कॉम्प्युटर, कानांवर हेडफोन. आणि ते गेम खेळतात ते बघायला लोक तिकीट काढून बसलेले. उंब्रजच्या मंगल कार्यालयात दहा कॉम्प्युटरांवर सुरू झालेली कंपनी आता सात शहरांत स्पर्धा भरवते. साताऱ्याच्या ऑफिसात माझ्या हाताखाली इंजिनिअर आहेत, आणि त्यांनी ओढलेल्या वायरी मी, बारावी नापास माणूस, अजून स्वतः तपासतो. चूक सापडतेही. हे तुम्हाला सांगावंसं वाटतं, याचाच मला राग येतो. उंब्रजनंतर कराड झालं, सांगली झाली. सांगलीला तर लोक पायऱ्यांवर बसले होते. तुम्ही एकदाही आला नाहीत.

विट्याचे मामा मला त्यांच्या गलाईच्या दुकानात, सोनं गाळायच्या धंद्यात, न्यायला आले होते तो दिवस आठवतो. मी नाही म्हणालो. गेमच्या स्पर्धा भरवणार म्हणालो. तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. "दुसऱ्याची पोरं खेळवून कोण मोठा झालाय रं आजवर?"

"दाजी, बालवाडी काढतोय म्हना की," मामा म्हणाले.

तुम्हीही हसलात. मामांचं मी सोडून दिलं. तुमचं हसणं अजून गिळता आलेलं नाही.

तरी पहिल्या स्पर्धेला मी तुमच्याकडेच आलो, कारण पंचक्रोशीत तुमच्याइतका ताठ मांडव कुणी घालत नव्हतं. बांबू बोटभर कलला तरी तुम्ही गड्यांना खड्डा पुन्हा काढायला लावायचात. हा किडा माझ्यात आला तो तुमचाच. मी सांगितलं, दोन संघ समोरासमोर बसणार, एकाला दुसऱ्याची स्क्रीन दिसता कामा नये, मधे पडदा पाहिजे.

"म्हंजी अंतरपाटच की. मंगलाष्टका कोन म्हननार, तू?"

गडी फिदीफिदी हसले. पण पडदा टांगून झाल्यावर तुम्ही दहाही खुर्च्यांवर एकेक करून बसता, मान वळवून बघता. आठव्या खुर्चीवर थांबता. समोरच्या भिंतीवर, पडद्याच्या वर, देणगीदाराची तसबीर आहे आणि तिच्या काचेत पलीकडची स्क्रीन उमटते आहे. "ह्यो म्हातारा चुगली करील," म्हणता, आणि खांद्यावरचा टॉवेल काढून तसबिरीवर टाकता. मी टेप लावून तीनदा मोजमाप घेतलं होतं.

बक्षिसं वाटून झाल्यावर पुण्याहून आलेल्या प्रायोजक साहेबांनी पडद्याचं कौतुक केलं. तुम्ही खांबाशी उभे होता, पायजमा पोटऱ्यांवर दुमडलेला, हातात सुंभ. साहेबांनी विचारलं, हे कोण? मी म्हणालो, "मांडववाले आहेत."

"व्हय साहेब, मांडववाले," तुम्ही म्हणालात, आणि सुंभ गुंडाळायला लागलात.

नंतर मी प्रत्येक स्पर्धेची पत्रिका तुमच्या उशाशी ठेवत गेलो, तुम्ही ती तशीच ठेवत गेलात. आमच्या वडिलांना या कामाची किंमत नव्हती, असं मी चारचौघांत सांगायचो. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तेच सांगतो. ऐकणाऱ्याला ते पटतं. आपल्या बळावर वर आलेल्या माणसाला असा बाप शोभूनच दिसतो.

परवा एका वार्ताहर मुलीनं विचारलं, या काचेच्या खोल्या कशा सुचल्या? मी उंब्रजचा पडदा सांगितला, तसबीर सांगितली, टॉवेल सांगितला. म्हातारा चुगली करील, हे वाक्यसुद्धा सांगितलं. ती खूप हसली. मी बारीकसारीक काही सोडलं नाही. फक्त आठव्या खुर्चीवर तुमच्या जागी मी स्वतःला बसवलं.

मुलाखत रविवारी छापून येणार आहे. तिचा नंबर माझ्याकडे आहे. फोन करून दुरुस्त करायला अजून चार दिवस आहेत. हा कागद मी घडी घालून मोजमापाच्या टेपच्या डब्यात ठेवतो आहे. फोन मी करणार नाही, आण्णा.