पिंपळवंडीचा अॅम्प्लिफायर

पिंपळवंडी, ता. जुन्नर
रविवार, १६ सप्टेंबर २००७

प्रिय रत्नदीप,

सप्रेम जय भीम. माझा फोन तू उचलत नाहीस. बहीण म्हणून कल्याणीच्या फोनवर बोलतोस, पण मी जवळ आहे म्हटलं की तुझी रेंज जाते. सहा वर्षं झाली, बंगळूरची रेंज एवढी वाईट असेल असं मला वाटत नाही. पत्र मध्येच कापता येत नाही म्हणून लिहायला बसलो. रागातच लिहितोय, ते आधीच सांगून ठेवतो. येत्या २९ तारखेला शनिवारी खोडदला माझा निरोप समारंभ आहे. साठ पूर्ण झाली, आता घरी बसायचं. त्या दिवशी तू तिथे हवास. का, ते सांगायला मला थोडा वेळ लागेल, कारण ते सांगणं मला जमत नाही म्हणून तर सहा वर्षं गेली.

तुझी निळ्या पुठ्ठ्याची वही माझ्याकडे आहे. रद्दीतली विलायती बँडांची इंग्रजी मासिकं कापून, चिकटवून केलेली. तू गेलास तेव्हा ती रद्दीवाल्याला द्यायला निघालो होतो, पण दिली नाही. कल्याणी आता मंचरला शाळेत शिकवते, रविवारी घरी येते. दर रविवारी ती मला एक पान वाचून अर्थ सांगते. पोराने अभ्यास सोडून काय डोंबलाचं वेड लावून घेतलं होतं, ते तरी कळावं म्हणून ऐकायला लागलो, आणि खरं सांगतो, डोकं फिरायची पाळी आली. त्या जेथ्रो टल नावाच्या बँडमध्ये जेथ्रो टल नावाचा कुणी माणूसच नाही म्हणे! तो तीनशे वर्षांपूर्वीचा शेतीतला माणूस, त्याने पेरणीचं यंत्र काढलं, आणि एजंटच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्याचं नाव या पोरांना चिकटवून दिलं. आता तुझा आजा भिमाजी. त्याच्या हातात जन्मभर पेरणीची पाभर होती, तीही बहुतेक दुसऱ्याच्या रानात. त्याच्या नावाने कुणी बँड काढला नाही. मग तो येस बँडचा पेटीवाला, रिक वेकमन. भर कार्यक्रमात स्टेजवर करी, भात, पापड मागवून जेवला. नारायणगावात मी जन्मभर तमाशे बघितले, पण वग रंगात आलेला असताना पेटीवाल्याने पेटीवर ताट मांडलेलं कधी बघितलं नाही. आणि तो क्वीन बँडचा गायक मर्क्युरी, अख्खं जग ज्याला विलायती समजतं, तो पाचगणीच्या शाळेत शिकलेला पारशाचा मुलगा! हे तरी तू मला त्या वेळी सांगायचंस. मी थोडा कमी ओरडलो असतो.

तुझ्या आईला मात्र एकच गोष्ट आवडली, ती म्हणजे टोनी आयोमीची. पत्र्याच्या कारखान्यात नोकरीचा शेवटचा दिवस, जेवायला घरी आलेला, परत जायचं मनात नव्हतं, पण आईने सांगितलं की दिवस पुरा करून ये. गेला, आणि मशीनने दोन बोटांची टोकं नेली. मग त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि त्याच बोटांनी गिटार वाजवून नाव काढलं. कल्याणी हे सांगत होती तेव्हा द्रौपदा भाकरी थापायची थांबली. म्हणाली, "त्या माउलीला लई लागलं आसंल मनाला. पन पोरगं बोललं का न्हाई तिच्याशी नंतर?" वहीत तेवढं लिहिलेलं नाही. तुझ्या आईचं काय, तिला आपल्या दोघांमध्ये नेमकं काय झालं ते आजही माहीत नाही. तिची तक्रार एवढीच, की तू गेलास त्याच महिन्यात मी गच्चीवरच्या टीव्हीच्या खांबाचा, चित्र स्पष्ट करणारा बूस्टर काढून टाकला आणि तिच्या मालिकेत मुंग्याच मुंग्या यायला लागल्या. नवा का आणत नाही, म्हणून ती वर्षभर भांडली. मी काहीतरी उडवाउडवीची उत्तरं दिली. शेवटी केबल घेतली तेव्हा गप्प बसली.

माझ्या कामाचं तर आता हसू झालंय. तुला आठवतं, कॉलेजच्या सुट्टीत तू जीपमध्ये बसायचा हट्ट धरायचास. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या आकाशाकडे कान लावून बसलेल्या, आणि आपण गावोगाव हिंडून बघायचं की कुठली मोटर, कुठला विजेचा खांब, कुठला दिवा खरखर करतोय. हातातला एरियल फिरवायचा, हेडफोन कानाला लावायचा, खरखर जिथून येईल त्या घरात जाऊन लोकांच्या हातापाया पडायचं. आता काय, आळेफाट्यावर प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. परवा एका बागायतदाराने मला सुनावलं, "राव, चांदण्यांनी आमचं काय भलं केलं, ते सांगा आधी." गेणभाऊ अजून जीप चालवतो. तो हसतो आणि मला म्हणतो, सोपानराव, सोडा आता. मला सोडवत नाही. सगळं जग बडबडत असताना एक जागा तरी गप्प राहावी असं मला वाटतं. त्यातून तू याच तबकड्यांच्या नोंदींवर पुण्यात पीएचडी करत होतास. आपल्या वस्तीतला पहिला. मी बाहेर खरखर शोधायची आणि तू आत ताऱ्यांचे ठोके मोजायचे. मी गावात छाती काढून चालायचो. तू ते सोडलंस. गिटारही सोडलीस, कुणाला तरी देऊन टाकलीस म्हणे. आता कुठल्याशा कंपनीत लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतोस. एक सोडून दुसरं धरलं असतंस तर मी समजू शकलो असतो. दोन्ही सोडल्याचा मला जास्त राग येतो, आणि तो राग कुणावर काढायचा हे कळत नाही म्हणून आणखी येतो.

तर मागच्या रविवारी कल्याणीने शाळेतलं एक वर्तमानपत्र आणलं. त्यात बातमी, क्वीन बँडचा गिटारवाला ब्रायन मे याने पीएचडी पुरी केली. ग्रहांच्या मधल्या धुळीवर. तीस वर्षांहून जास्त काळ अर्धवट टाकलेलं काम या माणसाने या वर्षी परत उचललं आणि पुरं केलं. साठ वर्षांचा आहे. म्हणजे माझ्याच वयाचा! मी निवृत्त होतोय आणि हा परीक्षा देतोय. मी कल्याणीला म्हटलं, हे नाव आपल्या वहीत आहे. शोधलं तर निघालं. त्याने आणि त्याच्या बापाने मिळून गिटार बनवली होती, घराच्या भिंतीतल्या एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड घेऊन. मोटरसायकलच्या स्प्रिंगा, आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं, विणायच्या सुईचं टोक, जे मिळेल ते लावलं. पुढे त्याने अभ्यास सोडला तेव्हा त्याच बापाला एवढं लागलं, की तो बरेच दिवस पोराशी धड बोलेना. शेवटी अमेरिकेत पोराचा कार्यक्रम बघितला आणि म्हणाला, आता कळलं. कल्याणीने एवढं वाचलं आणि थांबली. मी म्हटलं पुढे वाच. तर पुढे छापलेलं काही नव्हतं, तुझ्या अक्षरात मराठीत लिहिलेलं होतं. "आमचा अॅम्प्लिफायर. मी आणि अण्णा. मे २०००." मी उठून गोठ्याकडे गेलो.

तुझ्या गिटारचा तो अॅम्प्लिफायर मला पाठ आहे. खोका आज्याच्या रेडिओचा, स्पीकर जुन्या बाजारातला, आणि ट्रान्सफॉर्मर मी गुंडाळलेला. नारायणगावात दहा वर्षं मोटरी रिवाइंड केल्या, पण इतका जीव लावून एकही तार गुंडाळली नव्हती. तू बाजूला बसून वेढे मोजत होतास. मी पाचशे म्हणालो की तू पाचशे दोन म्हणायचास, आणि दर वेळी तुझंच बरोबर निघायचं. पुढच्याच वर्षीच्या मेमध्ये आमची जीप खरखर शोधत शोधत आळ्याकडून आली आणि एरियल वळत वळत आपल्याच गच्चीवर येऊन थांबला. जीपमध्ये नवे साहेब होते, गेणभाऊ होता. वर तू वाजवत होतास. त्या आठवड्यात ज्यांची निरीक्षणं नासली त्यांत तुझे पीएचडीचे सरही होते. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. नव्या पोरांना मी एकच नियम शिकवतो, घरातली एकेक वस्तू बंद करायची आणि दर वेळी कानाला लावून ऐकायचं. तूही तेच म्हणालास, "अण्णा, एकेक करून बघा ना." आणि मी काय केलं? मेन स्विच खाली ओढला. सगळं घर बंद झालं, खरखरही बंद झाली. साहेबांसमोर मी तुझा अॅम्प्लिफायर उचलला आणि गच्चीवरून खाली टाकला. जे बोललो ते परत लिहीत नाही, तुझ्या लक्षात असणारच. दुसऱ्या दिवशी तू सरांची माफी मागायला पुण्याला गेलास, आणि त्यानंतर ना परत त्यांच्या खोलीत पाय ठेवलास, ना या घरात.

आता खरं सांगतो. आठ दिवसांनी जीप परत त्याच वाटेने आली आणि एरियल परत आपल्याच गच्चीवर थांबला. तू नव्हतास. अॅम्प्लिफायर अंगणात फुटून पडला होता. साहेब त्या दिवशी नव्हते, गेणभाऊ खाली चहा पीत होता. मी एकटा वर गेलो आणि या वेळी नियमाने एकेक वस्तू बंद केली. खरखर बूस्टरची होती, रत्नदीप. तुझ्या आईच्या मालिकेसाठी मीच आळेफाट्यावरून आणलेला, मीच खांबाला बांधलेला. मी तो काढला, खिशात घातला आणि कुणाला काही बोललो नाही. कारण तोवर साहेबांनी सगळीकडे सांगून टाकलं होतं, की सोपानरावांनी पोटच्या पोराचीही गय केली नाही. नोकरीत पहिल्यांदा माझं कुणी एवढं कौतुक केलं होतं. सहा वर्षं नव्या पोरांना ही गोष्ट सांगतात आणि मी मान खाली घालून ऐकतो. त्यांना तो माझा विनय वाटतो. नोंदवहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय, "सदोष अॅम्प्लिफायर, मालक रत्नदीप सोपान". सरांची माफी तू मागितलीस, ती माझ्या चुकीची. २९ तारखेला साहेब तीच गोष्ट पुन्हा सांगणार. ती संपली की मी उभा राहून खरं काय ते सांगणार आहे. पण सगळ्यांच्या आधी ते तुला कळायला हवं होतं, म्हणून हे पत्र. या आठवड्यात खोका चिकटवला, ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळला, वेढे दोनदा मोजले. काल सकाळी गेणभाऊला सगळं सांगितलं आणि जीप दारात उभी केली. तो एरियल धरून उभा राहिला. मी घरातली एकेक वस्तू बंद केली, शेवटी फक्त तुझा अॅम्प्लिफायर चालू ठेवला आणि हेडफोन कानाला लावून अर्धा तास बसलो. कुठेही काही वाजलं नाही, बाळा. खरखर नाही, काही नाही.

तुझाच,
अण्णा