सत्कारमूर्तींच्या वतीने

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ६.४०
आजपासून कृतज्ञता. काल आमच्या मराठी मित्रमंडळात एक वक्त्या सांगून गेल्या: रोज तीन आभार वहीत लिहा आणि वर्ष संपायच्या आत एका माणसाचे आभार समोरासमोर माना. मन हलकं होतं म्हणे. माझं मुळातच हलकं आहे, पण मी मंडळाचा सचिव. सचिवाने करून दाखवलं पाहिजे.
आभार: १. रेल्वेची पेन्शन. २. तब्येत. ३. सुचलं नाही. उद्या चार लिहीन.

४ डिसेंबर
तेलीबांधा तलावाला चार फेऱ्या ठरल्या होत्या, दोन झाल्या. धुकं होतं.
माणूस ठरला. विनोदिनी. छत्तीस वर्षांचा संसार. बायकोचे आभार मानणारा मंडळात मी पहिलाच. ती दसऱ्यानंतर आठ दिवसांसाठी आमच्या गंधालीकडे नागपूरला गेली आहे. आठ दिवस जरा लांबले. लेकीकडे लिफ्ट आहे, गुडघ्याला बरं पडतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा नेमके गणपती आले. मांडवाची सगळी जबाबदारी माझ्यावर. दवाखान्यातून तिला जावयाने, पुष्करने, घरी आणलं. मीही आरती आटोपून नऊच्या आत हजर झालो. ती काही बोलली नाही. म्हणजे राग नाहीच.

७ डिसेंबर
फोनवर नुसतं थँक्यू म्हणणं आपल्याला शोभत नाही. सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, मानपत्र. २८ तारखेला, वर्षअखेरच्या कार्यक्रमात. अध्यक्ष शामराव म्हणाले, वहिनींना विचारलं का? म्हटलं, सरप्राइज आहे. सत्कार म्हटल्यावर येईलच. आली की राहीलच.

११ डिसेंबर
मानपत्र लिहायला बसलो. ‘सौ. विनोदिनी यांचा जन्म’, इथे अडकलो. जून नक्की. साल आठवेना. गंधालीला फोन केला. तिने साल सांगितलं, वर हेही की लग्नाआधी आई यवतमाळला शाळेत गणित शिकवायची. इथेही शाळेत नोकरी लागली होती, पण आजी, म्हणजे माझी आई, अंथरुणाला खिळली म्हणून रुजू झालीच नाही. मला हे ठाऊक असणारच. विसरलो असेन. फोन ठेवताना गंधाली म्हणाली, “बाबा, आई से एक बार पूछ तो लो.” इथल्या हिंदी मुलखात वाढलेली; मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीतच.
शेवटी शामरावांच्या निवृत्तीचं मानपत्र पुढ्यात घेतलं आणि नाव बदललं. ‘विरोधकांनाही आपण आपलेसे केलेत’ हे वाक्य राहू दिलं. वजनदार आहे.

१४ डिसेंबर
सदर बाजारात शाल घेतली. दुकानदार विचारतो, भाभीजींना रंग कोणता आवडतो? म्हटलं, सत्काराचा जो असतो तो द्या. निमंत्रणपत्रिकाही छापून आली. नागपूरला फोटो पाठवला. पाहिल्याची खूण लगेच दिसली. उत्तर नाही. भारावली असेल.
आभार लिहायचे राहिले. कार्यक्रमाची धावपळ.

२१ डिसेंबर
तिचा फोन. स्वतःहून. म्हणाली, “पत्रिका पाह्यली. मंडळाले काहून मधात घेता? तुम्हाले जे सांगाचं हाय ते आत्ताच सांगा. मी ऐकून राहिली.”
मी सांगितलं की जे सांगायचं ते २८ तारखेला सायंकाळी सहा वाजता, स्वागतगीतानंतर. तिने फोन ठेवला नाही. बराच वेळ तिकडे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मला काहीतरी म्हणायचं होतं. ओठांवर आलं ते गाडीचं टायमिंग. मग तिने बीपीची गोळी घेता का विचारलं. घेतो म्हटलं. गोळ्या संपून चार दिवस झाले.
येणार नाही असं काही तिने म्हटलेलं नाही.

२८ डिसेंबर, रविवार. रात्री
दुपारच्या दोन्ही गाड्यांना स्टेशनवर उभा होतो. गर्दीत चुकामूक होऊ नये म्हणून.
कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. शामराव माइकवर म्हणाले, सत्कारमूर्ती काही कारणाने येऊ शकल्या नाहीत, त्यांच्या वतीने त्यांच्या यजमानांनी सत्कार स्वीकारावा. आपल्यात तशी पद्धतच आहे. सचिव म्हणून मानपत्र मीच वाचलं, आणि नवरा म्हणून मीच घेतलं. विरोधकांच्या वाक्याला कोणीतरी हसलं. शाल पांघरून खुर्चीत बसलो तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली. खूप वाटली.
एकूण कार्यक्रम उत्तम.

३१ डिसेंबर
सकाळी खाली पुष्करची गाडी दिसली. चपला न घालताच उतरलो. मागची सीट आडवी पाडलेली होती, सामान मावावं म्हणून.
त्याच्या हातात तिची यादी. शिलाई मशीन, दोन स्वेटर, ऑपरेशनची फाइल, लोणच्याची छोटी बरणी. कोणती वस्तू कोणत्या कपाटात, कितव्या कप्प्यात, सगळं लिहिलेलं. पुष्करला एकही गोष्ट मला विचारावी लागली नाही. सांगताही आली नसती. मशीन मीच उचलून दिलं. विचारलं, कधी येते म्हणाली? पोरगा भला आहे, खाली बघत म्हणाला, “बाबा, आई आता तिकडेच राहणार आहेत.”
निघताना म्हणाला, आईंचा एक निरोप आहे, उद्यापासून दूध अर्धाच लिटर सांगा.
दसऱ्यापासून मी रोज एक लिटरच घेतो आहे. तिला तिथे बसून कसं कळलं, कोण जाणे. पुष्कर गेल्यावर रडलो. तिला ते सगळं तेव्हाच फोनवर सांगायला हवं होतं.
संध्याकाळी दूधवाला खाली भेटला. उद्यापासून अर्धा लिटर म्हटलं. तो मान हलवून “हव” म्हणाला आणि सायकल घेऊन पुढे गेला. त्याने कारण विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.