आणखी एकदा सांगा

प्रिय बारक्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर आले. फाडायचं तर खुशाल फाड, पण वाचून फाड. आईचं कपाट आवरून झालं. तिचे चष्मे, शाली, गरम पाण्याची पिशवी, सगळं खोक्यांत भरलंय. खोलीकडे बघवत नाही, म्हणून दारच लावून घेतलंय.

तुला वाटतं, मी आईला माझ्या कामाला जुंपलं. अरे, तिला कोण जुंपणार? दर गुरुवारी विद्यापीठात यायला माझ्याआधी तीच तयार होऊन बसायची. भाषाशास्त्र शिकायला येणाऱ्या पोरांना मी घसा फोडून सांगते की एखाद्या जमातीची भाषा टिपायला जाता तेव्हा तुम्ही पाहुणे असता, मालक नव्हे. समोरच्याने नाही म्हटलं की आवाज टिपायचं यंत्र बंद. त्याचा सराव म्हणून आई त्यांच्यापुढे खडूस म्हातारी होऊन बसायची. आल्याआल्या कुणी यंत्र काढलं की सरळ पाठ फिरवायची. निम्मी पोरं रडकुंडीला आणली तिने. आपल्या दोघांना आपल्या जमातीच्या भाषेत धड शिव्याच तेवढ्या येतात, त्यांना मात्र हौसेने गाणी सांगायची. घरी येताना गालातल्या गालात हसत असायची.

त्यातली एक उंच मुलगी तिची फार लाडकी. आई तिला शिडी म्हणायची. त्या गुरुवारी शिडीने परवानगी घेऊन, सगळं रीतसर करून बोलणं सुरू केलं आणि बोलता बोलता आपल्या बुडालेल्या थोरल्या दादाचा विषय निघाला. दादाला नदीतून काढून दारात ठेवलं तेव्हा आई जे बोलली होती, ते तिने सांगितलं. आमच्या कामात प्रत्येक वाक्य तीनदा म्हणवून घेतात, आवाज स्वच्छ मिळावा म्हणून. पोरीने शिकवल्याप्रमाणे आणखी एकदा मागितलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी आईचा आवाज फुटला, तर ते नीट आलं नाही म्हणून चौथ्यांदा मागितलं. शिडीला नाही म्हणणं आईच्या जिवावर आलं, आणि तिने चौथ्यांदाही सांगितलं. मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत होते. शिडी नंतर माझ्यापुढे हमसून हमसून रडली. कुठला नियम मोडलास म्हणून तिला ओरडू? एकही मोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, माझा आवाज सगळा पुसून टाक. वर्षानुवर्षांचा, एकूण एक. गाणी तरी राहू दे म्हणून मी गयावया केली, तर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दवाखान्यातसुद्धा शुद्ध होती तोवर एवढंच विचारत होती, पुसलंस का? मला खोटं बोलवेना आणि खरंही सांगवेना.

बारक्या, ते अजून तसंच आहे. माणूस गेल्यावर पुसायचं तर सगळ्या मुलांचा होकार लागतो, म्हणजे तुझा आणि माझा. तुझ्या लेकीने आजीचा आवाज कधी ऐकायचा, हे तुझं म्हणणं मला तोंडपाठ झालंय. आमचे विभागप्रमुख तर तुझ्या नकाराकडे डोळे लावून बसलेत. ही भाषा पुरती बोलणारं आता कुणीच उरलं नाही, असं म्हणतात, आणि ते खरं आहे. पुसलं की संपलं सगळं. माझा होकार मी देऊन आले, आणि बाहेर जिन्यात बसून ओक्साबोक्शी रडले. तू नाही म्हणालास तर मी भांडणार नाही. उलट मला आतून हायसंच वाटेल. म्हणूनच तुझ्यापुढे हात जोडते, हो म्हण.

तुझीच, अजूनही तुझीच,
ताई